कापसाचा पैसा, बॅकबेचा शेअर आणि नवं कॉइन



आजचा विषय जरा वेगळा आहे. क्रिप्टोचे नवे नवे प्रकल्प रोज येतात, त्यातला कोणता निवडावा? असा प्रश्न इतिहासाच्या माणसाला विचारायचा म्हणजे ज्योतिषाऐवजी तलाठ्याला कुंडली दाखवण्यासारखं आहे. उद्या कुठल्या कॉइनचा भाव चढेल ते मला माहीत नाही. पण तलाठ्याकडे एक गोष्ट असते. जमीन कुणाच्या नावावर होती, कुणी कुणाला विकली, बोजा कुणाचा, याची नोंद त्याच्याकडे असते. तेवढंच मी आज मांडणार आहे.

कारण "नवी कंपनी निघतेय, पैसे घालू का?" हा प्रश्न आपल्या राज्यात एकदा फार मोठ्या प्रमाणावर विचारला गेला होता. १८६३ ते १८६५ या काळात, मुंबईत. आणि ज्या पैशावर तो खेळ झाला त्यातला बराचसा पैसा कापसाचा होता. काही कापूस गुजरातचा, काही खानदेशचा, आणि काही आपल्या वऱ्हाडचा. म्हणून वाशीम जिल्ह्यात बसून या विषयावर बोलायला हरकत नाही, असं मला वाटतं.

थोडं मागे जाऊ. आपल्या जिल्ह्यातलं कारंजा, म्हणजे कारंजा लाड, हे जुनं व्यापारी गाव. १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंजा लुटलं ते त्याची श्रीमंती ऐकूनच. ज्या गावात काही नसतं तिथे एवढ्या लांबून कुणी येत नाही. पुढे १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. इंग्रजांना इथे काय हवं होतं हे सांगायला नको. "वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड" हे आपण अभिमानाने म्हणतो. ते सोनं म्हणजे कापूस, आणि हवा होता तो मँचेस्टरला.

पण मँचेस्टरला आपला कापूस आवडत नसे. धागा आखूड, त्यात सरकीचा चुरा, पानाचा कचरा, कधी वजनासाठी मारलेलं पाणी. त्यांना अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूस हवा असे. हिंदुस्थानचा कापूस म्हणजे अडीअडचणीला वापरायचा माल.

आणि मग अडचण आली. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा कापूस आटला. गिरण्या बंद पडल्या, हजारो कामगार रस्त्यावर आले. भाव तिप्पट-चौपट झाले. जो माल लोक नाक मुरडून घेत होते तो कुठल्याही किमतीला चालू लागला. मुंबईत लोकांनी गाद्या उसवून कापूस विकला असं सांगतात. खरं-खोटं सोडा, त्या काळाची हवा कळते.

त्या वेळी आपल्याकडे रेल्वे आलेली नव्हती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे टप्प्याटप्प्याने पुढे सरकत होती. नागपूरला ती पोहोचली १८६७ मध्ये, म्हणजे तेजी संपल्यावर दोन वर्षांनी. तोपर्यंत कापूस बंड्यांवर लादून नेत. पावसाळ्यात काळ्या मातीतून बंडी ओढणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. तर हा सगळा माल शेवटी मुंबईत जाई आणि तिथून जहाजाने लिव्हरपूलला.

नेहमीच्या भावापेक्षा किती जास्त पैसा या चार-पाच वर्षांत मुंबईत आला? इतिहासकार साधारण सात कोटी पौंडांच्या आसपासचा आकडा देतात. रुपयात सत्तर कोटी. त्या काळचे सत्तर कोटी.

आता हा पैसा जाणार कुठे? जमिनीत किती जाणार, सोन्यात किती जाणार? मुंबई तेव्हा लहान होती. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये प्रसिद्ध झालं, अगदी या गडबडीच्या मध्यावर. शहर फुगायला लागलं आहे हे त्यांना दिसत होतं. गव्हर्नर बार्टल फ्रिअरने किल्ल्याची तटबंदी पाडायला काढली होती. जमिनीला सोन्याचा भाव होता. आणि १८५७ च्या कायद्याने एक नवी सोय झाली होती: मर्यादित जबाबदारीची कंपनी. म्हणजे कंपनी बुडाली तर भागधारकाचं नुकसान त्याच्या शेअरपुरतंच. घरावर टाच येत नाही. सोय चांगली आहे, आजही त्यावरच जग चालतं. पण तेव्हा ती नवी होती, आणि नव्या सोयीचा वापर कसा होतो हे कायदा करणाऱ्याला आधी कळत नाही.

कंपन्या निघायला लागल्या. १८५५ च्या सुमारास मुंबईत बोटांवर मोजण्याइतक्या कंपन्या होत्या. १८६५ च्या सुरुवातीला काय स्थिती होती? ३१ बँका. १६ फायनान्शियल असोसिएशन. ८ जमीन कंपन्या. १६ कापूस-प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या, २० विमा कंपन्या, आणि याशिवाय ६२ इतर जॉइंट स्टॉक कंपन्या. मुंबईसारख्या त्या वेळच्या गावाला ३१ बँका! या बँका करत काय असतील?

तेव्हाचा एक कापूस दलाल डोळ्यांसमोर आणा. दोन वर्षांत हातात पन्नास हजार रुपये आलेत. समोर रोज एक माहितीपत्रक येतं. त्यात सुंदर इंग्रजी, समुद्र बुजवण्याचे नकाशे, संचालकांची नावं. त्याने कसं निवडलं?

पहिली गोष्ट तो नावं बघे. संचालक मंडळात कोण आहे? इंग्रज पेढीचे भागीदार आहेत का? प्रेमचंद रायचंद आहेत का? प्रेमचंद हे सुरतेचे जैन व्यापाऱ्याचे चिरंजीव, जन्म १८३१ चा, म्हणजे तेजीच्या वेळी जेमतेम तिशीतले. कापसाचा आणि शेअरचा सर्वांत मोठा दलाल. ते ज्या कंपनीला हात लावतील तिचा शेअर चढणार असा समज होता. विलायतेची डाक घेऊन येणाऱ्या जहाजाला ते आपल्या होड्या पाठवून समुद्रातच गाठत आणि भाव इतरांआधी कळवून घेत, असं सांगतात. तर नाव बघणं हे काही अगदीच चुकीचं नव्हतं. अडचण एवढीच की तीच तीच नावं पंचवीस कंपन्यांवर होती. एकच माणूस पंचवीस ठिकाणी लक्ष देतो म्हणजे कुठेच देत नाही, हे गावातल्या सोसायटीच्या चेअरमनकडे बघूनही कळतं.

दुसरी गोष्ट, आणि ही माझ्या मते जास्त घातक. तो प्रीमियम बघे. पाच हजारांच्या शेअरला बाजारात दहा हजार प्रीमियम आहे म्हणजे कंपनी चांगली असणार. महिन्यापूर्वी पाच हजार होता, आज दहा, म्हणजे आणखी चांगली. भावच पुरावा झाला. कंपनीने एक टोपली माती टाकलेली नसे, एक वीट रचलेली नसे. शेअरचं वाटप होऊन कागद हातात येईपर्यंतही लोक थांबत नसत. वाटप होणार आहे या आशेचाच सौदा होई.

आणि वाटप कुणाला होई? इथे खरी मेख आहे. बाजारात ज्याला प्रीमियम आहे तो शेअर दर्शनी किमतीला कुणाला मिळणार, हे प्रवर्तक ठरवत. ज्यांना मिळाला त्यांचा नफा त्याच दिवशी झाला. कंपनी पुढे चालो न चालो. ज्याने बाजारातून प्रीमियम देऊन घेतला, तो त्या नफ्याचा पैसा देणारा. दोघांच्या हातात कागद एकच, छापलेला मजकूर एकच. पण एकाला कंपनी बुडाली तरी फरक पडत नाही आणि दुसऱ्याचं सगळं कंपनी चालण्यावर अवलंबून. माहितीपत्रकात हा फरक कुठेही लिहिलेला नसे.

या सगळ्यात मुकुटमणी म्हणजे बॅकबे रेक्लमेशन कंपनी. मलबार हिलपासून कुलाब्यापर्यंतचा पश्चिमेचा उपसागर भरून काढायचा आणि ती जमीन विकायची, हा बेत. शेअर पाच हजारांचा. वाटपातून राहिलेले ४०० शेअर लिलावात काढले, त्यांना सरासरी साडेसव्वीस हजारांचा प्रीमियम मिळाला. म्हणजे फक्त ४०० कागदांवर एक कोटी सहा लाख रुपये! पुढे हा शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला. समुद्र अजून समुद्रच होता.

आता त्याच वेळची दुसरी कंपनी बघा. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी. हिचाही धंदा समुद्र बुजवण्याचाच. पण ती काम करत होती पूर्वेच्या बाजूला, जिथे बंदर आहे, जिथे जहाजं लागतात, जिथे कापसाच्या गठाणी उतरतात आणि चढतात. तिथे धक्का बांधला, गोदाम बांधलं, की व्यापारी भाडं देणार. त्या व्यापाऱ्याला एल्फिन्स्टनच्या शेअरचा भाव माहीतही नसला तरी चालेल, त्याला गठाणी ठेवायला जागा हवी आहे. मंदीत हिचे शेअरही कोसळलेच. पण १८७० च्या सुमारास सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई पोर्ट ट्रस्टचा तो पाया ठरला. बॅकबेच्या कंपनीचं काय राहिलं? किनाऱ्याची एक पट्टी, जी सरकारकडे गेली आणि तिच्यावरून पुढे रेल्वेचे रूळ कुलाब्याला गेले. (त्याच उपसागरात १९२० च्या दशकात सरकारने स्वतः पुन्हा हात पोळून घेतला, आणि वीर नरिमन यांनी तो घोटाळा चव्हाट्यावर आणला. ती कथा वेगळ्या व्याख्यानाची.)

दोन्ही कंपन्यांच्या माहितीपत्रकात समुद्र, माती आणि जमीन हेच शब्द होते. दलालाने एक प्रश्न विचारला असता तर फरक दिसला असता: या कंपनीला पैसे कोण देणार, शेअर घेणारा सोडून?

आता बँकांकडे येतो. ३१ बँका आणि १६ फायनान्शियल काय करत होत्या? तर शेअर तारण ठेवून कर्ज देत होत्या. तुमच्याकडे बॅकबेचा शेअर आहे, तो ठेवा, पैसे घ्या. त्या पैशाने एखाद्या बँकेचा शेअर घ्या. तो ठेवा, आणखी पैसे घ्या. भाव चढतो म्हणून तारणाची किंमत चढते, तारण चढतं म्हणून कर्ज वाढतं, कर्ज वाढतं म्हणून खरेदी वाढते, खरेदी वाढते म्हणून भाव चढतो. कापूस या चक्रातून कधीच बाहेर पडलेला होता.

हे खासगी बँकांनी केलं असतं तर एक वेळ ठीक. पण बँक ऑफ बॉम्बे ही सरकारी भागभांडवल असलेली, सरकारने संचालक नेमलेली बँक. १८६३ मध्ये तिच्या कायद्यात बदल झाला आणि शेअरच्या तारणावर कर्ज देण्यावरची जुनी बंधनं सैल झाली. मग या बँकेनेही तेच केलं. प्रेमचंदांना आणि त्यांच्या सांगण्यावरून इतरांना कर्जं दिली गेली. पुढे सरकारने चौकशी नेमली, सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली. त्या चौकशीत जे बाहेर आलं त्यात मला प्रेमचंदांपेक्षा बँकेचा दोष मोठा वाटतो. दलाल सौदा करणारच, तो त्याचा धर्म. नाही म्हणायचा पगार बँक घेत होती.

९ एप्रिल १८६५ ला अमेरिकेत जनरल ली शरण आला. इराणी आखातातून येणारी विलायतेची तार त्याच वर्षी सुरू झाली होती, त्यामुळे लिव्हरपूलच्या पडत्या भावाची बातमी मुंबईला पूर्वीपेक्षा लवकर पोहोचू लागली. कापूस कोसळला. पण शेअरच्या वायद्यांची मोठी मुदत होती १ जुलै १८६५ ची. त्या दिवशी कागद घ्यायचे आणि पैसे मोजायचे. पैसे कुणाकडेच नव्हते, कारण प्रत्येकाचे पैसे दुसऱ्याच्या कागदात होते. बॅकबेचा पन्नास हजारांचा शेअर दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांपर्यंत गेला होता, तो ८७ रुपयांना विकला गेला. १८६८ मध्ये बँक गुंडाळावी लागली आणि नवी बँक ऑफ बॉम्बे काढावी लागली.

(१ जुलै ही तारीख गमतीची आहे. आपला वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. आणि क्रिप्टोच्या व्यवहारावर एक टक्का कर कापायला सुरुवात झाली ती १ जुलै २०२२ ला. योगायोग आहे, अर्थ काढू नका.)

प्रेमचंद दिवाळखोरीत गेले. तेजीत त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला, तो पूर्ण झाला १८७८ मध्ये.

आणि शेतकरी? त्याने तर एकही शेअर घेतलेला नव्हता. पण चढत्या भावाच्या भरवशावर सावकाराने कर्ज दिलं होतं आणि सरकारने सारा वाढवला होता. पुणे-नगरकडे तर भाव पडल्यानंतरही साऱ्याची फेरआकारणी वाढीव झाली. मे १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्याला आपण दख्खनचे दंगे म्हणतो. माहितीपत्रक ज्याने कधी पाहिलं नाही त्याच्या दारापर्यंत ही आग दहा वर्षांनी पोहोचली. त्याच साली, १८७५ मध्ये, वडाच्या झाडाखाली सौदे करणाऱ्या दलालांनी आपली संघटना बांधली, तोच आजचा मुंबई शेअर बाजार.

आता दीडशे वर्षं ओलांडू.

३१ ऑक्टोबर २००८ ला सातोशी नाकामोतो या नावाने नऊ पानांचा एक लेख इंटरनेटवर आला. बिटकॉइनचा. जानेवारी २००९ मध्ये पहिला ब्लॉक निघाला. दोन कोटी दहा लाखांपेक्षा जास्त नाणी कधीच होणार नाहीत असा नियम. त्यात भाव चढेल असं आश्वासन नव्हतं, आणि ज्याला हवी त्याने संगणक चालवून मिळवावीत, आधी वाटप कुणालाच नाही, अशी रचना होती. सुरुवातीला फार थोड्या लोकांना माहीत होतं म्हणून त्यांना ती स्वस्तात मिळाली, हे खरं. पण स्वतःसाठी गुपचूप वेगळा वाटा राखलेला नव्हता. बिटकॉइन घ्या असं मी म्हणत नाही. फक्त पुढे जे आलं त्याच्याशी तुलना करायला हा मुद्दा लक्षात ठेवा.

२०१५ मध्ये इथेरियम सुरू झालं आणि त्याच्यावर कुणालाही आपलं टोकन काढता येऊ लागलं. १८५७ च्या कायद्याने कंपनी काढणं सोपं केलं होतं, तसंच हे. २०१७ मध्ये नव्या टोकनांची विक्री जगभर इतकी बोकाळली की माहितीपत्रकाच्या जागी 'व्हाइट पेपर' आला आणि प्रीमियमच्या जागी 'प्री-सेल'. बाकी सगळं ओळखीचं.

आपल्याकडची दोन उदाहरणं. पहिलं वनकॉइन. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबईत या कॉइनच्या प्रचाराच्या कार्यक्रमावर पोलिसांनी छापा घालून लोकांना अटक केली. नंतर अमेरिकेतल्या खटल्यांत उघड झालं की या कॉइनला ब्लॉकचेनच नव्हती. भाव कंपनी स्वतः ठरवून पडद्यावर दाखवत होती. संस्थापक रुजा इग्नातोवा ऑक्टोबर २०१७ पासून बेपत्ता आहे. मुंबईतल्या दलालाला निदान बाजारात जाऊन भाव विचारता येत होता!

दुसरं गेनबिटकॉइन. अमित भारद्वाज यांची ही योजना. तुम्ही बिटकॉइन द्या, दर महिन्याला दहा टक्के परत मिळतील, अठरा महिने. पुण्यात गुन्हे दाखल झाले, २०१८ मध्ये त्यांना अटक झाली, २०२२ च्या जानेवारीत त्यांचा मृत्यू झाला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरचे गुन्हे सीबीआयकडे सोपवले. या प्रकरणातला मला सगळ्यात बोलका वाटतो तो एक तपशील: बिटकॉइन देणं अशक्य झालं तेव्हा लोकांना परतफेड म्हणून एमकॅप नावाचं टोकन दिलं गेलं. कुणी काढलेलं? त्यांनीच. म्हणजे तुम्ही खरं बिटकॉइन दिलं आणि बदल्यात त्यांच्या घरी छापलेला कागद मिळाला. व्याजाचं गणित कागदावर बरोबर होतं, फक्त ते कुठल्या नाण्यात मोजायचं हे शेवटी देणाऱ्याने ठरवलं.

कुणी म्हणेल ही तर उघड फसवणूक, शिकलेल्या माणसांचं काय? मग नोव्हेंबर २०२२ चं एफटीएक्स घ्या. जगातल्या मोठ्या क्रिप्टो बाजारांपैकी एक. तिच्या मालकाचीच दुसरी पेढी होती, अलामेडा. एफटीएक्सने स्वतःचं एफटीटी नावाचं टोकन काढलं होतं, आणि अलामेडाच्या मालमत्तेत या टोकनाचा वाटा प्रचंड होता, हे बातमीतून बाहेर आलं. मग लोकांनी पैसे मागितले, आणि काही दिवसांत एफटीएक्स दिवाळखोरीत. आपल्याच शेअरच्या तारणावर आपणच उभं राहायचं. १८६४ च्या फायनान्शियल कंपन्यांचा कारकून उठून आला असता तर त्याला हे वाचून एक अक्षरही समजावून सांगावं लागलं नसतं.

तर मंडळी, नवा प्रकल्प समोर आला की काय बघायचं? व्हाइट पेपर वाचताना लोक तंत्रज्ञानाची पानं वाचतात. किती वेगवान, किती सुरक्षित, कुठला नवा अल्गोरिदम. माझ्या मते ती पानं शेवटी वाचा. आधी वाटपाचं पान काढा. एकूण टोकन किती? संस्थापकांकडे किती, सुरुवातीच्या गुंतवणूकदारांकडे किती, आणि त्यांना ते किती भावाला मिळाले? त्यांना विकायची बंदी कधीपर्यंत आहे? समजा एकूण शंभर टोकन आहेत आणि बाजारात आज फक्त दहा फिरत आहेत. भाव त्या दहांवर ठरतो. उरलेले नव्वद ज्या तारखेला मोकळे होतील त्या दिवशी तुमच्यासमोर विकायला कोण उभं असेल? ज्याला ते नव्वद पैशांना पडलेत तो, आणि तुम्ही नव्वद रुपयांना घेतलेत. बॅकबेच्या दोन भागधारकांची गोष्ट, दुसरं काही नाही.

फरक एक आहे, आणि तो तुमच्या बाजूने आहे. १८६४ च्या दलालाला वाटपाची वही बघायला मिळत नव्हती. ब्लॉकचेनवर खातं कुणाचं हे कळलं नाही तरी कुठल्या खात्यात किती टोकन आहेत हे कुणालाही बघता येतं, फुकट. पहिल्या दहा खात्यांत किती माल आहे ते बघा. ज्याची वहीच बघायला मिळत नाही, ते टोकन वनकॉइनच्या जातीचं.

मग एल्फिन्स्टनचा प्रश्न. या प्रकल्पाला शुल्क कोण देतो? टोकनाचा भाव ज्याला माहीत नाही, अशा कुणाला ही सेवा हवी आहे का? इथे बरेचसे प्रकल्प गप्प होतात. 'लोक टोकन साठवतील म्हणून भाव चढेल' हे उत्तर आलं तर ते बॅकबेचं उत्तर आहे.

आणि कर्ज. कुणी तुम्हाला टोकन तारण ठेवून आणखी टोकन घ्यायला सांगत असेल, तर तिथून उठा. इथे मला हळू शब्दात बोलता येत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. शेअर बाजारात नवी कंपनी येते तेव्हा तिला सेबीच्या नियमांनुसार माहितीपत्रक द्यावं लागतं, खोटं लिहिलं तर जबाबदारी असते. क्रिप्टो टोकनाला आपल्याकडे तशी सक्ती नाही. एक्स्चेंजवर आलं म्हणजे तपासून आलं, असं समजू नका. नफ्यावर तीस टक्के कर आहे, आणि एका टोकनात झालेला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. म्हणजे "दहा नवे प्रकल्प घेऊ, नऊ बुडतील, एक तारेल" हा जो सल्ला परदेशातून इकडे येतो तो आपल्या करात बसत नाही. तारणाऱ्या एकावर पूर्ण कर, बुडालेल्या नऊंची सूट शून्य. कागद-पेन्सिल घेऊन गणित करून बघा. आणि एक्स्चेंजवर ठेवलेलं नाणं हे एक्स्चेंजच्या ताब्यातलं नाणं असतं. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्समधून सुमारे तेवीस कोटी डॉलर्सची चोरी झाली, तेव्हा ज्यांनी चांगली नाणी निवडली होती त्यांचेही व्यवहार अडकून पडले.

व्याख्यानाआधी एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली होती, तिचं उत्तर देऊन थांबतो. चिठ्ठीत विचारलं आहे, "त्या काळी आपल्या भागात पैसे घालण्यासारखी एकही नवी कंपनी नव्हती का?"

त्या काळी नाही, पण पुढे होती, आणि तिच्यातून आपण सगळे फिरलो आहोत. शकुंतला. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी, १९१० मध्ये किलिक निक्सन या पेढीने काढलेली. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरकडे, दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला. अडीच फुटी रूळ. गाडी चालवायची ग्रेट इंडियन पेनिन्सुलाने, रूळ कंपनीचे, आणि उत्पन्नात कंपनीचा वाटा. तिच्या कागदपत्रांत काही स्वप्नवत नव्हतं: कारंज्याचा कापूस मूर्तिजापूरला न्यायचा आणि त्याचं भाडं घ्यायचं. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. स्वातंत्र्यानंतर इतर रेल्वे सरकारी झाल्या तरी या रुळांची मालकी त्या कंपनीकडेच राहिली, आणि भारतीय रेल्वे तिला मोबदला देत राहिली. आता गाडी बंद आहे. ब्रॉडगेज करा ही मागणी तेवढी चालू आहे.

त्या कंपनीचा शेअर मुंबईच्या बाजारात एका महिन्यात दसपट झाला, असं मात्र कुठे वाचलेलं नाही.